ताट कुणी धरायचं

राहात्यात सहादेवतात्यांच्या शेडमध्ये यशोधरा पेरू निवडायची. एकदा तिनं सुचवलं, टेबलाला उतार देऊन वर गोणपाट टाकलं तर पेरू अलगद घरंगळतील, आपटून डागाळणार नाहीत. तात्या खेकसले, "तुला हात चालवायला ठिवलंय, डोकं न्हाई!"

पुढच्याच हंगामात उताराचं टेबल आलं, तेही तात्यांच्या पोराची कल्पना म्हणून. पोराचा सत्कार झाला आणि शाल-श्रीफळाचं ताट धरायला उभं केलं कुणाला, तर यशोधराला!

राग गिळणाऱ्यातली ती नव्हेच. तिनं स्वतःची शेड टाकली. तिथं जी बाई नवं काही सुचवेल, तिचा त्याच दिवशी सत्कार. तात्यांकडे कामाला असलेल्या बाया एकेक करून तिच्याकडे आल्या आणि तात्यांच्या शेडला कुलूप लागलं. आता त्यांच्या बागेतला पेरूही तिच्याच दारात येतो.

काल रतनबाईचा सत्कार होता. पेरूला झटकन फोमची जाळी चढवायची युक्ती तिची. पेरू घेऊन आलेल्या तात्यांच्या हातात यशोधरानं ताट दिलं.

तात्या चाचरत म्हणाले, "मी काय म्हंतो, आधी नारळ..."

"तात्या, तुमाला हात चालवायला उभं केलंय, डोकं न्हाई."