मागाच्या खोलीतला कूलर

सगळ्यात आधी कोण आलं असेल? पाहुणे नाही... आमची शेजारीण शकुबाई! पाहुण्यांची रिक्षा गल्लीत वळायच्या आधीच ती दारात हजर, कूलर पाहायला. "काय वं, पुण्याच्या लोकाईले कूलर अन् घरच्या म्हाताऱ्याले हातपंखा?"

माझ्या अंगात जीवच नव्हता. सकाळपासून त्या कूलरच्या टाकीत बादल्या ओतत होते, कितीही ओता, तो आपला तहानलेलाच... आणि नळ पहाटेच गेलेला.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. परवा नात विचारत होती, "आजी, माझ्या होमस्टेमध्ये ओव्हन ठेवू का? मिक्सर ठेवू का?" म्हटलं, बाई, आधी माझा कूलर ऐक, मग ठरव. मग तीच म्हणाली, लिही म्हणून. मी चौथी शिकलेली, चुकलं तर हसून घ्या.

आमचं घर विणकरांचं. समोरच्या खोलीत माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा, हातमाग होता. लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, माग निघाला, खोली रिकामी झाली. मामाजी रोज त्या खोलीच्या उंबऱ्यात बसायचे आणि काही न बोलता उठायचे.

भिवापूरचा एक मिरचीवाला मागे लागला होता, पोती ठेवायला खोली द्या म्हणून. आणि माझ्या धाकटीला दम्याचा त्रास. शेजारी कोणी फोडणी दिली तरी पोरीचा श्वास लागायचा, तिथे घरात मिरचीची पोती! मी म्हटलं, मामाजी, खोली सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देऊ.

मामाजी म्हणाले, "मे महिन्यात नागपुरात फिराले कोन येते वं? येडा?"

पण आले ना! पुण्याचे एक गुरुजी, त्यांच्या बाई आणि गुरुजींची म्हातारी आई. त्यांची लेक इथे बाळंत झाली होती, तिचं क्वार्टर एका खोलीचं. शाळेला सुट्टी, तर पंधरा दिवस नातवाजवळ राहू म्हणाले. मामाजींनी ऐकून घेतलं. "पंधरा दिवस टिकले त ठीक. मधातच पळाले, त पोते येतीन."

झालं... माझ्या जिवाला घोर लागला. खोलीत काय काय ठेवायचं? पुण्याची माणसं, इस्त्री लागेल. स्टोव्ह ठेवावा की कॉइलची शेगडी? रेडिओ नसला तर चालेल का? सदरच्या बाजारात दोनदा जाऊन आले, दुकानाच्या काचेतून टेबलफॅन पाहिले आणि उन्हात तशीच परत. आमचा मीटरही नाजूक. कूलर, पंखा आणि शेगडी एकदम लावली की फ्यूज गेलाच. शेवटी शेगडी नको, वातीचा स्टोव्ह ठेवला. पंखा नको, कूलर आणला, तोही आमच्या यांच्या मित्राचा, जुना, चालू केला की ट्रकसारखा घरघरणारा.

एक गोष्ट मात्र लपवली. मागाचा खड्डा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, तो कमरेएवढा खड्डा. पाहुण्यांच्या खोलीत जमिनीला भोक? मला तर लाजच वाटली. मी माती टाकून बुजवणार होते, पण मामाजी घमेल्यावर हात ठेवून उभे राहिले. मग वर फळ्या टाकल्या, त्यावर सतरंजी अंथरली, आणि गप्प बसले.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी लाइट गेली. कूलर बंद. बाहेर झळा अशा, की चिमणीसुद्धा दिसेना. गुरुजी आणि बाई लेकीकडे गेलेले, म्हातारी एकटी खोलीत. मला वाटलं, संपलं... संध्याकाळी या लोकांच्या पेट्या भरल्या जाणार आणि उद्या पोती उतरणार. हातपंखा घेऊन धावले.

दार उघडलं तर सतरंजी गुंडाळून बाजूला, दोन फळ्या भिंतीला टेकवलेल्या, आणि आजी खड्ड्यात पाय सोडून काठावर बसलेल्या! "अगं, फटीतून गार लागत होतं, म्हणून उचलून पाहिलं. तुझ्या त्या डब्यापेक्षा हे लाख पटीने बरं!"

मला हसावं की रडावं कळेना. मागे वळून पाहते तर मामाजी उभे. मला वाटलं, आता ओरडतात. तर ते हळूच म्हणाले, "उजव्या अंगाले सरका आजी, तिकडं जास्त थंड लागते. सुताले ओल लागते ना, कोरड्या हवेत धागा तुटते. मी उन्हाळाभर इथं पानी शिंपडत जाओ."

आणि स्वतः जाऊन माठातलं तांब्याभर पाणी आणून त्यांनी खड्ड्यात शिंपडलं. मग उंबऱ्यात बसून तासभर बोलत राहिले... पावडी कशी, काठ कसा, कोणत्या लुगड्याला किती दिवस. माग निघाल्यापासून एवढं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवस आजींची दुपार तिथेच गेली. फळ्या पुन्हा टाकल्याच नाहीत. कूलर मी परत पाठवला, बादल्या सुटल्या... पाठ मात्र पुढे महिनाभर दुखत होती. मिरचीवाला परत आला तेव्हा मामाजींनी त्याला दारातूनच सांगितलं, "खोली खाली नाही गा." माझी धाकटी त्या वेळी अंगणात खेळत होती. तिचीच ही लेक, होमस्टेवाली.

आता ओव्हन ठेवायचा का, ते तिचं ती पाहील. मी मात्र त्या पुण्याच्या म्हातारीचे उपकार विसरत नाही. निघताना त्यांनी मामाजींना बजावलं, "खड्डा बुजवू नका हो, मी येणार आहे." आणि दिवसही तिथेच सांगून टाकला, अक्षय तृतीयेनंतरचा. मामाजींनी तो खडूने दाराच्या चौकटीवर लिहिला, अक्षर वाकडं, पण ठळक... पुढच्या वर्षी, अखजीच्या दुसऱ्या दिवशी.