मुठीवरचं प्लास्टिक

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट असलेले धैर्यशील सबनीस तसे निरुपद्रवी गृहस्थ. फक्त त्यांना खरेदीला पाठवायचं नाही. घरातला टोस्टर ठरायला चार महिने लागले होते. तोवर बायकोने, विभावरीने, निमूटपणे तव्यावर पाव भाजला. आणि एकदा वस्तू घरात आली की तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. टीव्हीचा रिमोट सहा वर्षं आपल्या पिशवीतच नांदत होता. त्याची बटणं आता अंदाजाने दाबावी लागत.

गेल्या जुलैत ते लेकीला, ऋचाला, घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर मासे पकडायला गेले. गळाला लागलेला मासा विलोच्या झाडाच्या मुळांत शिरला आणि जुना, हलका रॉड काडकन मोडला. ऋचा हसली. "नेक्स्ट टाइम, बाबा," नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली. सबनीसांनी मात्र ते मनाला लावून घेतलं.

मग सुरू झालं संशोधन. अमेरिकेतले लोक गच्च पाणगवतातून बास नावाचा मासा ओढून काढतात, त्याचे शेकडो व्हिडिओ सबनीसांनी पाहिले. तिथे रॉड ताठ हवा, मूठ लांब हवी, शेंडा जेमतेम लवणारा हवा, म्हणजे मासा मुळांकडे वळायच्या आत वर येतो. त्यांनी अठरा रकान्यांचा तक्ता केला. ऋचा दर शनिवारी विचारायची, "टुडे, बाबा?"

"थांब गं. सात फूट तीन इंच की सात फूट सहा, तेवढंच राहिलंय."

तेवढंच सात महिने राहिलं. मधल्या काळात ऋचाला डनिडनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. थेट दक्षिण बेटावर, आणि जायचं सोमवारी. बॅगा दारात आल्या तेव्हा कुठे सबनीसांच्या लक्षात आलं की हातात एकच शनिवार उरलाय. तक्ता खिशात कोंबून ते त्या सकाळी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात धावले.

"किया ओरा! कुठला मासा?" दुकानातल्या बाईंनी माओरीत नमस्कार करत विचारलं.

"बास," सबनीस म्हणाले.

"तो आपल्या देशात नसतो हो."

सबनीसांचा चेहरा असा उतरला की बाईंनाच दया आली. "कोई कार्प नावाचे मासे आहेत ना, हीप्स, ढिगाने! तेही झाडोऱ्यातच दडतात. बासवालाच रॉड चालेल. स्वीट ॲज, एकदम झकास!" सात फूट तीन इंचांचा रॉड दोन मिनिटांत गाडीत आला.

तळ्यावर सबनीसांनी हिंग घातलेल्या कणकेची गोळी गळाला लावली. ऋचा पायातल्या रबरी जँडल्स काढून काठावर बसली होती. "बाबा, देअर्स स्टिल प्लास्टिक ऑन द हँडल."

"असू दे. मुठीचा कॉर्क मळतो."

पाण्याने, घामाने आणि कणकेने ते प्लास्टिक चांगलंच बुळबुळीत झालं. तासाभराने मासा लागला. सबनीसांनी सात महिन्यांचा अभ्यास दोन्ही हातांत एकवटून झटका दिला, आणि मासा राहिला बाजूला, रॉडच मुठीतून सटकला आणि रिळासकट लव्हाळ्यात गेला. झाडोऱ्यातून काहीही ओढून काढणारा तो रॉड आता स्वतःच झाडोऱ्यात अडकला होता.

सबनीसांना रॉडचं दुःख नव्हतं. शेवटचा शनिवार आपण वाया घालवला, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि डोळे भरून आले होते.

तोवर ऋचा कपड्यांनिशी गुडघाभर चिखलात उतरली होती. हसून हसून तिला धड उभंही राहवत नव्हतं. मासा केव्हाच पळाला होता. रॉड घेऊन ती वर आली आणि त्यांच्यासमोर धरून म्हणाली, "बाबा, यू वेअर सेव्हिंग इट फॉर व्हॉट?"

सबनीसांनी खिशातली किल्ली काढली, मुठीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि रॉड तिच्याच हातात दिला. "तू टाक आता. आणि उद्याही येऊ. येशील ना?"

"येईन," ती म्हणाली. चक्क मराठीत.

रविवारीही मासा मिळाला नाही. सोमवारी ऋचाचं विमान गेलं. घरी परतल्यावर विभावरीला दाराशी उभा केलेला रॉड दिसला. फिकट कॉर्कवर कणकेचा, चिखलाचा एक अंगठा स्पष्ट उमटला होता, सबनीसांच्या अंगठ्याहून पुष्कळ लहान.

"अहो, नवीन वस्तू ना ती? पुसून ठेवा की."

टोस्टरसुद्धा रोज पुसणारे सबनीस चपला काढता काढता थांबले.

"राहू दे," ते म्हणाले.