जवाईबापूंची सिस्टीम

“जवाईबापू, पयले चहा घ्या. कॉम्प्युटर कुठी पळून नाई चालला.”

सासूबाई हे तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी जोरात होतो. शेजारी आमच्या कॉलेजचे प्राचार्य बसले होते आणि मला त्यांना एकच गोष्ट दाखवायची होती. माझे सासरे लिनक्स वापरतात.

मी अकोल्यात एका कॉलेजात सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे कॉम्प्युटर चालले तर कोणी ओळखत नाही, बंद पडले तर घरी फोन येतात. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रामांना कामाला लावणारा प्रोग्राम. विंडोज विकत घ्यावी लागते, लिनक्स फुकट मिळते, जुन्या मशीनवरही पळते. ती टाका म्हणून मी भाऊ, मेहुणा, मित्र, सगळ्यांच्या मागं लागलो होतो. मला पाहून लोक लॅपटॉप मिटायचे! ऐकलं फक्त सासऱ्यांनी. दिवाळीत अचलपूरला गेलो, वाढलेलं ताट सोडून दोन तास बसलो आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून आलो. आठ महिन्यांत त्यांची एक तक्रार नाही.

हे मी कॉलेजात इतक्यांदा सांगितलं की प्राचार्यांना पाठ झालं. लॅबचे कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचा माझा प्रस्ताव दोन वर्षं त्यांच्या टेबलावर पडून होता. अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याला एका लग्नाला सोबत गेलो, तर म्हणाले, “चला, तुमच्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर पाहूनच घेऊ. खरंच चालत असंल तं उद्याच सही करतो.” म्हणून फोन न करताच आम्ही दारात उभे राहिलो.

सासरे काही दिसेनात. टेबलावरचा कॉम्प्युटर बंद, त्यावर विणलेला रुमाल. तेवढ्यात आतल्या खोलीत प्रिंटर सुरू झाला.

“आत कोण छापून राहिलं?” प्राचार्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आत गेलो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिवाणावर बसले होते. मांडीवर जुना लॅपटॉप, त्यात विंडोज. मला पाहताच त्यांनी त्यावर चादर ओढली. प्रिंटर मात्र थांबेना. पेन्शनर मंडळाच्या सभेच्या नोटिसा एकेक बाहेर पडत होत्या.

मग सगळं निघालं. मामाजी मंडळाचे सचिव. त्यांची मराठी पत्रं एका जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या साच्यात, टाइप केलेली. लिनक्स टाकताना तो फॉन्ट टाकायचा मीच विसरलो होतो. फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! म्हणून त्यांनी माझ्या मेहुण्याचा जुना लॅपटॉप आणला. मी येणार असलो की तो दिवाणात जायचा आणि सासूबाई टेबलावरचा कॉम्प्युटर पुसून सुरू करून ठेवायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मामाजी, दहा मिनिटांचं काम होतं. मले सांगितलं कावून नाई?”

“जवायानं हौसेनं केलेलं बिघडलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? तुमी तं जेवाचं ताट सोडून बसले व्हते.”

फॉन्ट टाकला, लॅपटॉपमधल्या फाइली इकडे आणल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नोटीस शुद्ध मराठीत दिसली, तशी मामाजींनी आठ महिन्यांची पत्रं एकामागून एक उघडून पाहिली.

परतताना गाडीत मी म्हटलं, “सर, सही गेली ना?”

“सही देतो. पण पयले बडेबाबूच्या टेबलावर टाका, लॅबचं मंग पाहू. ज्याले बोंबलता येते, त्याच्यापासून सुरू करा.”

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. चहात साखर कमी पडली तरी लेखी अर्ज देणारा माणूस. पहिल्याच दिवशी ते चौदा वेळा माझ्या खोलीत आले, दर वेळी नवी तक्रार घेऊन, आणि शिव्या वेगळ्याच. बाप रे बाप! पण तक्रारी चौदाच्या चौदा खऱ्या होत्या. त्या निस्तरल्या आणि लॅब बिनबोभाट लिनक्सवर गेली. आता कोणाकडे लिनक्स टाकण्याआधी मी एवढंच पाहतो, की हा माणूस मला तोंडावर बोलू शकतो का.

मागच्या महिन्यात मामाजींचा फोन आला.

“जवाईबापू, हे काय करून ठेवलं तुमी? नोटीस अर्धीच छापून राहिली! सभा उद्या हाय, लोकाईले काय कपाळ दाखवू माझं?”

मागून सासूबाई ओरडल्या, “अवो, जवाई हायेत ते!”

“असतीन!” मामाजी म्हणाले.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. वही काढली आणि लिहिलं: सासरे, तक्रार क्रमांक एक.