दिल्लीच्या भुयारी गाडीत धरलेली जागा

यवतमाळच्या स्टँडवर जागा धरण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून पिशवी अशी भिरकावायची, की ती नेमकी हव्या त्या बाकावर बसली पाहिजे. पिशवी बसली म्हणजे बाई बसली. मग पदर सावरत सावकाश चढायचं. या विद्येचा मला एवढा गर्व, की ती मी थेट दिल्लीला घेऊन गेले.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग आला होता. जो काही कापूस हाती लागला, त्याची गाडी घेऊन पोरीचे बाबा तीन दिवसांपासून खरेदीच्या रांगेत उभे. नेमकं तेव्हाच पोरीला दिल्लीचं बोलावणं आलं. नोकरीसाठी निवड झाली होती. मूळ प्रमाणपत्रं घेऊन अकरा वाजता हजर राहायचं, नाहीतर निवड रद्द. सोबत मी निघाले. चाळिशी उलटली होती, अक्कल तेवढी यायची राहिली होती. प्रमाणपत्रांची फाईल मी पोरीच्या हाती दिलीच नाही. "तू धांदरट हायेस," असं म्हणून ती माझ्या पिशवीत, डब्याखाली ठेवली.

जमिनीखालच्या स्टेशनात पोरीनं दोन टोकनं घेतली. माझं मी पदराच्या गाठीत बांधलं. ते फाटकाला टेकवायचं कळल्यावर गाठ सुटेना, दातांनी सोडवली. मागे दिल्लीकरांची रांग तुंबली होती. फाटक उघडलं, तरी कोणीतरी टोकन पंच करून देईल म्हणून मी उभीच. पोरीनं दंडाला धरून आत ओढलं.

गाडी आली, दारं आपोआप उघडली. समोरच दोन जागा रिकाम्या. माणसं बाजूला उभी राहून उतरणाऱ्यांना वाट देत होती. मला ती बावळट वाटली. मी हात लांबवून पिशवी भिरकावली. नेमकी बसली. मग सवयीप्रमाणे मागे सरून मी पदर सावरायला लागले.

दारं मिटली.

आमच्या गाडीत कंडक्टर असतो. पत्र्यावर दोन थापा मारल्या की गाडी थांबते. मी काचेवर दोन थापा मारल्या. गाडी निघून गेली, आणि माझी पिशवी सीटवर ऐटीत बसून गेली.

"आई, काहून फेकली तू?" पोरीनं माझा दंड धरला. "फाईल हाये नं त्यात."

"जागा धरली नं मी," मी म्हटलं. हे मी खरंच म्हटलं.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. फलाटावरच्या गार्डनं आम्हाला स्टेशनच्या साहेबाच्या खोलीत नेलं. बेवारस पिशवीत बॉम्ब असेल, अशी शहराला तेव्हा फार धास्ती. साहेबानं फोन उचलला आणि मला विचारलं, "बैग में क्या-क्या है? एक भी चीज़ छूटी तो बैग आपको नहीं मिलेगी."

"डबा है. भाकर है, ठेचा है, एक लुगडा, एक फाईल."

"और?"

आणखी एक होतं. टॉवेलात गुंडाळलेलं चावीचं घड्याळ. दिल्लीत कोंबडा कुठला असणार म्हणून घेतलेलं. त्याची टिकटिक आमच्या घरी अंगणापर्यंत ऐकू यायची. सांगितलं तर पिशवीला कोणी हात लावणार नाही. नाही सांगितलं आणि त्यांनी टिकटिक ऐकली, तर फाईल गेलीच. पोरगी माझ्याकडे पाहत होती. तिला घड्याळ ठाऊक होतं.

"सांग नं, आई."

"अलार्म घड़ी है साहेब. चाबीवाली. आवाज करती है."

साहेबाचा हात थांबला. "अलार्म कितने बजे का?"

"पाच का. सकाळी बज के हो गया."

तो हसला नाही. माझी सगळी यादी त्यानं फोनवर सावकाश सांगितली, आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी म्हणाला, पिशवी पाच स्टेशनं पुढे उतरवली आहे. "चार मिनट में अगली गाड़ी है. उसमें जाइए. और सीट के लिए कुछ मत फेंकिए."

दर चार मिनिटांनी गाडी असते, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे एक हुकली की दुसरी दुपारी. म्हणून तर जागा धरायची. त्या गाडीत जागाच जागा होती. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहून स्टेशनं मोजली.

फलाटाच्या टोकाला पिशवी एकटी होती, भोवती दोरी. पोलीसबाईनं मला एकटीला पुढे धाडलं, "खोलिए," म्हणाली आणि दहा पावलं मागे सरली. आतून टिकटिक चालूच. एकेक वस्तू वर धरून दाखवली. फाईल शेवटी निघाली. एका कोपऱ्याला ठेच्याचं तेल लागलं होतं. मी पदरानं पुसायला गेले, तर पोरीनं ती हिसकावून घेतली आणि जिन्याकडे धावली.

आम्ही नोकरीच्या कचेरीत पोचलो तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. तिचं नाव पुकारून झालेलं. दाराशी बसलेल्या बाबूनं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिचं नाव यादीत सगळ्यात खाली लिहिलं. मला बाहेरच थांबवलं. तीन वाजेपर्यंत मी पायरीवर बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाही.

ती बाहेर आली.

"झालं?"

"झालं. ओरिजनल पाहिले. पुढच्या महिन्यात रुजू होयाचं हाये."

मी फाईलसाठी हात पुढे केला. तिनं ती बगलेत आणखी दाबली, आणि घर येईपर्यंत झोपेतही सोडली नाही.