भिंतीवरची जिती माणसं

गायकवाड मास्तर बोलता बोलता मध्येच थांबायचे, समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवायचे आणि म्हणायचे, "हलू नका." लातूरच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी हनुवटी धरली तेव्हा मी इतका दचकलो की हातातला खडू पडला. "भ्यायचं न्हाई गुरुजी, नीट बघायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मूळचाच भित्रा, त्यामुळे ते मला वारंवार ऐकावं लागे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने दडी मारली होती. टँकरच्या रांगेत बसलेल्या माणसांची चित्रं मास्तर जलरंगात काढत. त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, पण गावातली प्रत्येक रिकामी जागा कुठल्या ना कुठल्या नव्या कचेरीने धरली होती. शेवटी मास्तरांनी आपल्या दोन खोल्यांतला संसार अंगणात काढला आणि भिंतींवर गल्लीतली माणसं टांगली. बुद्धाची तसबीर तेवढी जागची हलवली नाही.

मला तेव्हाच धाकधूक वाटत होती. आमच्याकडे माणूस भिंतीवर चढतो तो गेल्यावर. तसं मी म्हणालो, तर मास्तर हसले. "जित्यानं भित्तीवर चढू नये, असं कुण्या कायद्यात लिव्हलंय?"

शेजारच्या सोजरबाईचा नवरा किसन रेल्वेच्या कामावर जातो म्हणून मुदखेडकडे गेला होता आणि पोळ्यापासून त्याची खबरबात नव्हती. त्याचं चित्र सगळ्यांत सरस उतरलं होतं. घागर मांडीशी धरून बसलेला, ओठांत हसू दाबलेला. ते मास्तरांनी दारासमोरच लावलं होतं.

उद्घाटनाला कचेरीतले एक साहेब आले. मास्तरांनी त्यांना हार घातला. साहेबांनी रिवाजाप्रमाणे तो लगेच उतरवला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्या आदराने किसनच्या चित्राला घातला. त्यांचा काय दोष? तसबीर दिसली की हार घालायची त्यांच्या हाताला सवय होती.

दारात सोजरबाई उभी होती. ती रडली नाही, तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"मास्तर," ती म्हणाली, "पुसून टाका त्येंना."

मला वाटलं, मास्तर तिची समजूत घालतील. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. पण त्यांनी हार काढला, चौकटीतून कागद काढला, पिण्याच्या तांब्यात फडकं बुडवलं आणि सगळ्यांदेखत किसनचा चेहरा पुसून टाकला. नंतर मी विचारलं, तर म्हणाले, "तिचं भ्या येडं हाय, ठावं हाय मला. पन तिला रातच्याला झोपायचंय की न्हाई?"

पुढे पाऊस आला, किसन आला नाही. मास्तर मुदखेडला जाऊन आले, लोह्यालाही. हात हलवत परतले. किसनचा फोटो कधी निघालाच नव्हता, मग लोकांना दाखवणार काय? "तोंडानं सांगून मानूस सापडत न्हाई गुरुजी," असं म्हणून ते माझ्या ओट्यावर बसून राहिले. त्यानंतर सोजरबाई समोरून येताना दिसली की ते वाट बदलत. एकदा मला म्हणाले, "ती चित्र मागंल, याचं भ्या वाटून राहिलंय."

काही वर्षांनी, लेकीचं लग्न ठरलं तेव्हा, ती आलीच. मीही तिथेच होतो.

"मास्तर, त्येंचा चेहरा काढून द्या. लेकीनं कुनाच्या पाया पडावं?"

दुपार कलेपर्यंत मास्तर काढत होते. उतरला तो माणूस किसनसारखा होता, किसन नव्हता. कपाळ दुसऱ्याच कुणाचं होतं आणि हसू तर आलंच नव्हतं. मास्तरांनाही ते दिसत होतं. त्यांनी कागद पुढे केला नाही, तिनेच तो ओढून घेतला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाव, हेच हायत."

ती त्याला विसरली होती, की मास्तरांना सोडवत होती, हे तिला विचारायचा धीर मास्तरांना मरेपर्यंत झाला नाही.