क्षमाचं आजारपण

कुंदा नेरूरकरने शिक्षिकेची नोकरी सोडली ती एक्याऐंशी साली, आणि बोरीवलीतल्या त्या अख्ख्या सोसायटीला तिने वर्षभर पुरेल एवढा विषय दिला. पर्मनंट नोकरी, घरापासून चालत जाण्याजोगी शाळा, वर दुपारी दीडला घरी. अशी नोकरी कोणी सोडतं? आणि सोडली ती सोडली, पोरीलाही शाळेतून काढलं!

पोरगी म्हणजे क्षमा, सहा वर्षांची, एकुलती एक. तिला शाळेत कोणी मारलं नव्हतं की काही झालं नव्हतं. एका रविवारी कुंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली तर क्षमा कोपऱ्यात हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली. समोर कोणी नाही.

"काय गं, कोणी बसवलं तुला असं?"

"कोणी नाही. मला बोलावंसं वाटत होतं, म्हणून बसले."

कुंदा स्वतः पहिलीला शिकवायची. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे ती वर्गात दिवसातून किती वेळा म्हणत असेल, त्याला गणती नव्हती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पुढचे काही महिने ती नवऱ्याशी बोलत राहिली, भांडत राहिली, आणि शेवटी एकदाची ठरवून मोकळी झाली. क्षमा घरी शिकेल. तिला जे शिकावंसं वाटेल ते, जेव्हा वाटेल तेव्हा.

नवरा नंदकुमार मरोळला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. शांत माणूस. दिवसभर मशीनचे सुटे भाग कागदावर काढायचा आणि संध्याकाळी पेन्सिलीने काळी झालेली बोटं धुऊन चहाला बसायचा. त्याला हे सगळं पटलं होतं असं नाही. पण कुंदाला पटलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, एवढा त्याचा तिच्यावर भरवसा होता. त्याची मोठी बहीण सुनंदा मुलुंडला राहायची. ती मात्र आली की आधी चप्पल काढायची आणि लगेच तोंड सोडायची.

"कुंदा, तू वाट लावतेयस पोरीची. उद्या लग्नाच्या वेळी काय सांगणार? मुलगी हुशार आहे, फक्त शाळेत गेली नाही?"

"वन्सं, लग्नाला अजून वेळ आहे. आधी चहा घ्या," कुंदा म्हणायची.

त्या चार वर्षांत घरात काय काय झालं ते सांगायला बसलं तर संपायचं नाही. पहिलं वर्षभर क्षमाने काहीच केलं नाही. नुसती खेळली, झोपली, आईच्या मागेमागे फिरली. कुंदा धास्तावली होती, पण गप्प राहिली. मग एक दिवस बाजारात क्षमाने दुकानाची पाटी वाचली. मग बसची. मग भजी बांधून आलेला कागद. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनकडे लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्या वाचता वाचता ती गुजराती शिकली, आणि हंसाबेनच्या सासूला दुपारी पेपर वाचून दाखवायला लागली. गच्चीवरच्या टाकीचा पाइप बदलायला प्लंबर आला तर त्याचं काम संपेपर्यंत त्याची पाठ सोडली नाही. पाणी वर चढतं कसं, तळमजल्यावर जोरात आणि चौथ्यावर बारीक का येतं, तुळशी तलाव भरला तरी आपल्याकडे एकच वेळ पाणी का? प्लंबर वैतागून म्हणाला, "बाई, हिला पायजे तर कामावर पाठवा माझ्याबरोबर!"

सुट्टीच्या दिवशी नंदकुमार दोघींना घेऊन नॅशनल पार्कातून चालत कान्हेरीला जायचा. कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांशी क्षमा तासन् तास बसायची. एकदा तिथे बसून तिने बापाकडून एका टाकीत किती पाणी मावेल त्याचा हिशोब शिकून घेतला. वय वर्षं आठ. नंदकुमारने घरी येऊन कुंदाला नुसतं एवढंच म्हटलं, "तुझं बरोबर होतं." कुंदाला त्या दिवसांइतकं सुख आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

पण दुपारचे बारा वाजले की सोसायटीतल्या मुली रिबिनी बांधून, दप्तरं पाठीला लावून निघायच्या, तेव्हा क्षमा जिन्यात उभी असायची. त्या दिसेनाशा होईपर्यंत. हे सगळ्यांना दिसत होतं. कुंदाला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही तिला त्यात काही वाटलं नाही. पोरीला माणसं बघायला आवडतात, असं ती म्हणायची.

पंच्याऐंशी सालच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन, सत्यनारायण आणि मुलांच्या स्पर्धा होत्या. क्षमाने भाषणात नाव दिलं. विषय तिचा तिनेच घेतला होता, 'आपल्या नळाला पाणी कुठून येतं'. आठवडाभर घरात तेच चाललं होतं. कुंदाने तिला नवीन परकर-पोलकं शिवलं. सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव माइकवर होते. माणूस चांगला, पण माइक हातात आला की त्यांना विनोद सुचायचे.

"यानंतर क्षमा नेरूरकर, इयत्ता... अरे, इयत्ताच नाही इथे. काय गं, कितवीत तू?"

क्षमा स्टेजवर पोहोचली होती. "मी शाळेत जात नाही."

"मग तुला कुठल्या गटात घालू? बालवाडीत?"

सगळे हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, सणाचा दिवस, हसू आलं आणि हसले. भाऊरावांनीही लगेच "बोल बाळा, बोल" म्हणून माइक तिच्या उंचीला खाली केला. क्षमा माइकसमोर उभी राहिली, खालच्या खुर्च्यांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा तांदूळ निवडत होती. क्षमा समोर येऊन बसली.

"मला शाळेत जायचंय."

"कालच्यामुळे म्हणतेस? अगं, भाऊराव काका काय, मस्करी करतात."

"कालच्यामुळे नाही. मला कधीपासूनचं जायचंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

कुंदाचे हात ताटातच थांबले. तिने समजावून बघितलं. शाळेत काय शिकवतात, काय नाही, सगळं सांगितलं. क्षमाने सगळं ऐकून घेतलं.

"आई, तूच म्हणतेस ना, मला काय शिकायचं ते मी ठरवायचं? मी ठरवलंय."

चार वर्षं कुंदा ज्याच्यासाठी जगाशी भांडली होती, तेच पोरीने तिच्यासमोर ठेवलं होतं. नाही म्हणणं तिच्याच्याने होईना.

जूनमध्ये स्टेशनपलीकडच्या एका शाळेत प्रवेश झाला; सोसायटीतली कोणी मुलगी तिथे जात नव्हती. मुख्याध्यापकांनी क्षमाची परीक्षा घेतली. गणितात ती पुढे होती, पण व्याकरणाची नावं येत नव्हती, नकाशा भरता येत नव्हता. त्यांनी तिला वयापेक्षा एक वर्ष खाली, चौथीत घातलं आणि कुंदाकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः शिक्षिका होतात ना? मुलीचं नुकसान केलंत तुम्ही." शेजारी बसलेली क्षमा आईकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काहीतरी नवीन होतं.

कुंदाला वाटलं होतं, महिनाभरात पोरगी रडत परत येईल. पण क्षमाला शाळा आवडली. रिबिनी आवडल्या, घंटा आवडली, मधल्या सुट्टीतला डबा आवडला. घरी येऊन ती फक्त मैत्रिणींबद्दल बोलायची. ती खूश होती. कुंदा दुपारी घरात एकटी बसायला लागली.

दिवाळीच्या आधी पालकसभा झाली. सहामाहीत क्षमा वर्गात तिसरी आली होती. वर्गशिक्षिका सामंतबाईंनी कुंदाला प्रेमाने जवळ बसवून घेतलं.

"खरंच कमाल आहे हो मुलीची. आणि तुमची त्याहून जास्त! एवढं मोठं दुखणं, आणि घरच्या घरी एवढी तयारी करून घेतलीत."

कुंदाला काही कळेना. "दुखणं?"

"हृदयाचं हो. क्षमाने सांगितलंय सगळं. चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, डॉक्टरांनी शाळेला मनाई केली होती. वर्गातल्या मुली एवढ्या जपतात तिला! जिन्यात दप्तर उचलू देत नाहीत. मी पी.टी.तूनही सूट दिलीय. तुम्ही सर्टिफिकेट दिलं नाहीत, पण मी म्हटलं, राहू दे. आता कशी आहे तब्येत?"

वर्गाच्या दारात क्षमा उभी होती. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती आईकडे टक लावून बघत होती.

"बरी आहे," कुंदा म्हणाली. "आता बरी आहे अगदी."

दोघी घरी निघाल्या. आरे दूध केंद्राशी आल्यावर क्षमा म्हणाली, "आई, पुढच्या मीटिंगला तू नको येऊस. बाबांना पाठव."

"बरं," कुंदा म्हणाली.

तिने घरी हे कोणाला सांगितलं नाही. नंदकुमारलाही नाही. पुढच्या सभांना तो अर्धी रजा टाकून जायचा, आणि आपली बायको का येत नाही हे त्याला कोडं वाटायचं. सामंतबाई बदलून गेल्या होत्या, दुसऱ्या कोणी त्याला विचारलं नाही.

मध्ये कुंदाने परत नोकरीसाठी दोन-तीन शाळांत खेटे घातले. जागा नव्हत्या, किंवा असल्या तरी मधल्या वर्षांचं काय सांगायचं हा प्रश्न यायचा. मग तिने घरी शिकवण्या सुरू केल्या. पालक सांगायचे, बाकी काही नको, मार्क वाढले पाहिजेत. कुंदा मार्क वाढवून द्यायची. शिकवण्या चांगल्या चालल्या. क्षमा आईला उलट बोलायची नाही, त्रास द्यायची नाही. नुसतं तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची, पाहुण्यांशी बोलावं तसं.

एकोणनव्वदच्या सुरुवातीला क्षमा सातवीत होती. स्नेहसंमेलनात नाच बसवायचा म्हणून एका शनिवारी तिच्या वर्गातल्या चार मुली पहिल्यांदा घरी आल्या. कुंदाने उत्साहाने पोहे केले. मुली पंख्याखाली बसून खात होत्या. त्यातली जानकी नावाची मुलगी तोंडाळ होती.

"काकू, हिच्या हृदयाला भोक होतं ना? म्हणजे ही मरणारच होती?"

क्षमाच्या हातातला चमचा बशीतच राहिला. तिने मान वर केली नाही. कुंदाने लेकीच्या मानेकडे बघितलं, दोन वेण्यांमधल्या त्या बारीक भांगाकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून मुलींजवळ बसली.

"मरणार वगैरे नव्हती गं," ती म्हणाली. "पण फार जपावं लागायचं. पार्ल्याचे एक डॉक्टर होते, दर महिन्याला तिथे न्यायचो. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, धावायचं नाही, खेळायचं नाही. बिचारी खिडकीतून तुमच्यासारख्या मुलींना बघत राहायची."

"आणि अभ्यास?"

"पडल्यापडल्या वाचायची. दुसरं करणार काय? फार वाईट दिवस होते ते. आठवले तरी नको वाटतं."

मुलींचे डोळे पाणावले. जानकीने क्षमाच्या गळ्यात हात टाकला. क्षमाने आता वर बघितलं. कितीतरी दिवसांनी तिने आईकडे नीट बघितलं होतं. ती उठली, कुंदाच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसली आणि डोकं तिच्या मांडीला लावलं. कुंदा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि मुलींना आणखी सांगत राहिली, कडू औषधाचं, इंजेक्शनांचं, एका रात्री श्वास लागला होता त्याचं. एकेक गोष्ट सुचत गेली.

मुली गेल्या. क्षमा त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत गेली. नंदकुमार मरोळहून आला तेव्हा घरात दिवा लावलेला नव्हता आणि कुंदा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काय गं, बरं नाही का?"

मग तिने त्याला सगळं सांगितलं. पालकसभेपासून आजपर्यंतचं. तो उभ्याउभ्या ऐकत होता, खांद्यावरची पिशवीही त्याने काढली नव्हती.

"पण तू कशाला हो म्हणालीस?" तो शेवटी म्हणाला. "एवढे चांगले दिवस होते आपले."

"तिचे नव्हते," कुंदा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

नंदकुमार पलंगाच्या कडेवर बसला. मग उठला, हात धुतले आणि कुकरला तांदूळ लावायला स्वयंपाकघरात गेला.