अनोळखी माणसांच्या शोधात: हेरफर्ड, कॉव्हेंट्री

इराला गाडी चालवणारं कुणीतरी हवं होतं. एरवी तिच्याबरोबर बास वाजवणारा मित्र चालवतो. त्याची पाठ धरली होती. मी निवृत्त आहे, हॅरोत राहते आणि माझी गाडी मोठी आहे. या तिन्ही गोष्टी बहिणीच्या मुलीला माहीत असणं धोक्याचं.

इरा ऑल्ट-कंट्री गाते. म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना गेली कित्येक वर्षं समजावते आहे. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गिटारवरचं गाणं, टोपी आणि चकाकी काढून टाकलेलं. इरा बेसिंगस्टोकची. तिच्या गाण्यांत घोडे नाहीत. बिझनेस पार्कचं रिकामं पार्किंग आहे, नाइट ड्युटीहून येऊन भर दिवसा पडदे ओढून झोपणारी आई आहे. गाणी तीच लिहिते, रेकॉर्ड स्वतः काढते, किचनच्या टेबलावर पाकिटांत भरून पोस्टात टाकते. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. असे तीन आल्बम झाले. उरलेल्या वेळात अर्धवेळ सॉफ्टवेअर.

आता ऑफिसने तिला पूर्णवेळ टीम लीडची जागा देऊ केली होती. पगार चांगला, शनिवार-रविवारी ऑन-कॉल. म्हणजे दौरे बंद. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

"कॉव्हेंट्रीत मी कधीच गायले नाहीये," ती बेसिंगस्टोकला गाडीत बसता बसता म्हणाली. "तिथे स्ट्रेंजर्स आले तर मी गात राहणार. नाही आले तर इनफ. आणि मावशी, तू कुणालाच सांगायचं नाही. आईला तर नाहीच."

तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, डॉक्टर आहे. या देशात मराठी डॉक्टर नाही असं हॉस्पिटल नसावं, आणि त्यातला प्रत्येक जण तिच्या ओळखीचा. लीड्स असो की ब्रिस्टल, इराच्या कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगा काकू आणि काकांच्या. प्रेमाने येतात, तिकीट काढून येतात, मध्यंतरात जातात. त्यामुळे आपले श्रोते किती आणि आईचे किती, हे इराला कधी कळलेलंच नाही.

शुक्रवारी दुपारी निघालो. हेरफर्डला जाणार असाल तर स्विंडननंतर ग्लॉस्टरकडे वळा आणि रॉस-ऑन-वायपासून पुढचा रस्ता घाई न करता घ्या. आम्ही घाईत घेतला, कारण हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये चहाच्या रांगेत वेळ गेला. चहा वाईट होता. सफरचंदांच्या बागा सुंदर आहेत, असं म्हणतात. मी समोरचा ट्रॅक्टर पाहिला.

हेरफर्डचा कार्यक्रम पबच्या मागच्या खोलीत होता. प्रवेश फुकट. पुढच्या खोलीत फुटबॉल चालू होता आणि इराच्या सगळ्यात हळुवार ओळीला गोल झाला. ती थांबली. "कोणाचा?" तिने विचारलं. हशा पिकला. तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली, आणि या वेळी खोली गप्प होती. एका बाईंनी आपल्या कुत्र्याच्या तोंडावर हात ठेवला होता. मी गाण्यातली जाणकार नाही, पण शांततेतली थोडीफार आहे. ती चांगल्या प्रतीची होती.

"बघ, होते की अनोळखी," मी नंतर म्हणाले.

"फ्री होतं, मावशी. ते बिअरसाठी आले होते. डझंट काउंट."

रात्री पबच्याच वरच्या खोलीत राहिलो. स्वच्छ आहे, जिना अरुंद आहे. सकाळचा नाश्ता घ्या, कॉफी घेऊ नका.

शनिवारी वूस्टरमार्गे कॉव्हेंट्री. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला आमचं बुकिंग दिसेना. इराने फोनवरचा मेल दाखवला. त्याने तो आदराने वाचला आणि खोली नसल्याचं पुन्हा सांगितलं. गावात कसलीशी परिषद होती. आसपास सगळं भरलेलं. दोन तास आम्ही त्या लॉबीत फोन करत बसलो. कॉव्हेंट्रीत मी एकाच घराला ओळखते: सुनीताताई आणि त्यांचे डॉक्टर. इराला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"मावशी, नो."

"मग गाडीत झोपायचं का?"

ती खरोखर विचार करत होती. शेवटी ठरलं, गाण्याचं बोलायचं नाही. आम्ही कॅथीड्रल बघायला आलो आहोत.

सुनीताताईंनी दारातच विचारलं, "अगं, हॉटेलात उतरणार होतीस? आम्ही काय मेलोय?" मग वरण-भात, बटाट्याची भाजी, वर श्रीखंड. इराला त्या "खा गं, वाळलीयेस" म्हणत होत्या आणि इरा खात होती. रविवारी नाश्त्याला पोहे. पोहे वाढता वाढता त्यांनी सहज तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सहज सांगितलं. मी त्याच वेळी लिंबू पिळत होते. पिळायला नको होतं.

कॅथीड्रल मात्र पाहाच. युद्धात बॉम्ब पडून उरलेल्या भिंती तशाच उघड्या ठेवल्या आहेत आणि शेजारी नवं उभं केलं आहे. भिंतींच्या आत पैसे पडत नाहीत. छप्पर नसलेल्या जागी माणसं आपोआप हळू बोलतात. आम्ही तिथे उभ्या असताना, पुढे कळलं त्याप्रमाणे, सुनीताताईंनी नाव फोनमध्ये टाकलं, दुपारी तीनचा कार्यक्रम सापडला, आणि मंडळाच्या ग्रुपवर निरोप गेला: आपली मुलगी गातेय, कुणाला कळूही दिलं नाही बिचारीने, सरप्राइज देऊ या.

कार्यक्रम एका पबच्या माडीवर होता. पन्नासेक खुर्च्यांची खोली. इरा आणि तिची गिटार दारात सोडून मी पार्किंग शोधायला गेले. कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडबद्दल एवढंच सांगते, की मी हवा तो फाटा दोनदा चुकवला. परत आले तेव्हा तीन वाजत आले होते आणि फुटपाथवर माणसं उभी होती.

दाराशी कॅरल नावाच्या बाई होत्या. "सॉल्ड आउट, लव्ह," त्या मला म्हणाल्या. "दुपारी अचानक सगळी तिकिटं गेली. अशी कधी जात नाहीत."

मी गाडी चालवणारी आहे, हे त्यांना पटवायला वेळ लागला. तोवर मी रांग पाहिली. काखेत इराची पहिली रेकॉर्ड धरलेला एक उंच माणूस. लेमिंग्टनहून आलेलं जोडपं. ननीटनहून ट्रेनने आलेल्या दोन मुली, त्यातली एक दुसरीला म्हणत होती, "तुला म्हटलं होतं आधी बुक कर. तू म्हणालीस, तिला कोण ओळखतं?" त्यांच्या मागे आणखी काही जण. त्यातल्या एकाचंही माझ्या बहिणीशी कसलंही नातं नव्हतं.

मी जिना चढून गेले. खोलीत पैठण्या, नेहरू जॅकेटं, स्टीलचे डबे. सुनीताताईंनी मला हात केला.

"ताई, खाली लोक उभे आहेत. तिचे. चार-सहा जणांनी उठून जागा दिलीत तर..."

"अगं पण आम्ही रीतसर तिकिटं काढलीत!"

"म्हणूनच तर."

"मुलीला प्रोत्साहन नको का?" डॉक्टर म्हणाले. "आपल्याच माणसांनी पाठ फिरवायची म्हणजे काय!"

त्यांच्या घरचे पोहे माझ्या पोटात होते. तरी मी दुसऱ्यांदा म्हणाले, जरा मोठ्याने. मागच्या रांगेतला एक तरुण उठायला लागला. त्याच्या आईने त्याला खाली ओढलं. तेवढ्यात इरा स्टेजवर आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने खोली पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मीच सांगितलं.

मी खाली धावले. कॅरल दाराशी आवराआवर करत होत्या. फुटपाथ रिकामा होता.

इरा पूर्ण गायली. एकही गाणं कमी केलं नाही. मधे कुणी "एक मराठी होऊन जाऊ दे" म्हणालं, कुणी डबा उघडला, चकलीचा आवाज झाला. शेवटी सगळे उभे राहिले. एका आजींनी तिची दृष्ट काढली. इरा सगळ्यांच्या पाया पडली. तिला ते नीट येतं.

परतीला वॉरिकच्या पुढे गेल्यावर मी तिला आधी पोह्यांचं सांगितलं. ते तिने मानलं. मग रांगेचं सांगितलं. उंच माणूस, रेकॉर्ड, ननीटनच्या मुली.

"मावशी, प्लीज."

"अगं, खरंच होते."

"लीड्सला आईपण हेच म्हणाली. खूप लोक परत गेले म्हणे."

"मी तुझी आई नाही."

"सेम फॅमिली," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

माझ्याकडे पुरावा नव्हता. फोटो काढायला हवा होता, पण जी गोष्ट डोळ्यांसमोर घडते आहे तिचा पुरावा लागेल, असं कुणाच्या मनात येतं? ऑक्सफर्डपर्यंत मी चिडलेली होते. सुनीताताईंवर, हॉटेलवर, स्वतःच्या खरेपणावर, ज्याचा काही उपयोग नव्हता.

बेसिंगस्टोकला तिच्या दारात मी विचारलं, "मग उद्या काय सांगणार?"

"नाही म्हणून."

"पण तू तर म्हणालीस, स्ट्रेंजर्स नाही आले तर..."

"आले की नाही, मला कुठे कळलं? कळल्याशिवाय थांबू कशी?" ती गिटार उचलत म्हणाली. "तू चांगली चालवतेस, मावशी. पण यापुढे नको."

तिने ती जागा नाकारली. अर्धवेळच काम करते. गाण्यांच्या तारखा आता ती घरात कुणाला सांगत नाही; पोस्टरवर आडनावही घालत नाही. बहीण मला दर आठवड्याला फोन करून विचारते, "कुठे आहे गं ती या शनिवारी?" तुम्हीही विचाराल, म्हणून या लेखात तिचं नाव बदललं आहे.

खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. कुठल्याशा गावात, कुठल्याशा माडीवर, ती आत्ता खुर्च्या मोजत असेल. भरल्या असल्या तर त्यात आपलं कुणी नाही.